होस्ट बदलल्यावर व्हर्च्युअल टीपीएम ओळख विसरली: रिकव्हरी की टाकू की थांबू?

सर्व्हरखोली

नमस्कार मंडळी. केव्हीएम आणि लिबव्हर्ट (आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) यांवरच्या आमच्या व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, जुन्या होस्टवरून (त्या चालवणाऱ्या खऱ्या मशीनवरून) नव्या होस्टवर हलवते आहे. साध्या व्हीएम विनातक्रार आल्या. अडून बसल्यात त्या दोनच, आणि दोन्हींना व्हर्च्युअल टीपीएम २.० (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपची सॉफ्टवेअर नक्कल) जोडलेली आहे.

पहिली विंडोज ११ ची. सी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, आहे. नव्या होस्टवर चालू केली की निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. की आमच्याकडे सुरक्षित आहे, पण मी ती अजून टाकलेली नाही. कारण खाली सांगते.

दुसरी लिनक्स सर्व्हरची. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेली, आणि सिस्टमडी-क्रिप्टएनरोल या आज्ञेने टीपीएमच्या पीसीआर ७ ला (पीसीआर म्हणजे बूटच्या वेळची मोजमापं ठेवणारे टीपीएममधले कप्पे) बांधलेली. इतके दिवस ती आपोआप उघडायची, आता पासफ्रेज मागते. पासफ्रेज दिला की नीट सुरू होते. जर्नलमध्ये ही ओळ आहे: टीपीएम एरर ०एक्स१डीएफ, पॅरामीटर १, इंटिग्रिटी चेक फेल्ड.

हलवण्याची पद्धत अशी: व्हीएम बंद केली, क्यूकाऊ२ डिस्क (व्हीएमच्या डिस्कची फाइल) कॉपी केली, व्हर्श डंपएक्सएमएलने व्हीएमची व्याख्या काढली आणि नव्या होस्टवर डिफाइन केली. आमची टीम जी स्क्रिप्ट वापरते ती एक्सएमएलमधून यूयूआयडी (व्हीएमचा एकमेव ओळख क्रमांक) आणि एनव्हीरॅम (फर्मवेअरच्या सेटिंगची फाइल) या दोन ओळी गाळते, म्हणजे नव्या होस्टवर कशाशी टक्कर होऊ नये. बाकी सगळं तसंच आहे. टीपीएमचं मॉडेल सीआरबी, बॅकएंड एम्युलेटर, आवृत्ती २.०. लिनक्समध्ये टीपीएम डिव्हाइस दिसतं, कर्नलची काही तक्रार नाही.

जुना होस्ट अजून चालू आहे. तिथे दोन्ही व्हीएम बंद आहेत आणि त्यांच्या डिस्कला हात लावलेला नाही.

आता कारण. विंडोजच्या व्हीएममध्ये एक क्लायंट सर्टिफिकेट आहे आणि त्याची प्रायव्हेट की टीपीएममध्येच तयार केलेली आहे, एक्स्पोर्ट न होणारी. नवीन सर्टिफिकेट हवं तर दुसऱ्या टीमची मंजुरी लागते आणि तोवर बिल्ड अडकतात. म्हणून डिस्क उघडली की झालं, असं माझं नाही. मला जुनी टीपीएमच हवी आहे.

सहकारी म्हणतात, रिकव्हरी की टाकून आत जा आणि टीपीएम क्लिअर करून टाक, नव्याने सेट होईल. करू का?

पेंग्विन_रात्र

रिकव्हरी की हातात आहे ना, मग फार काळजी नको. की टाकून आत जा. मॅनेज-बीडीई ही बिटलॉकरची आज्ञा वापरून सी ड्राइव्हचा टीपीएम प्रोटेक्टर (डिस्कची किल्ली टीपीएमला बांधणारी नोंद) डिलीट करा आणि लगेच पुन्हा ॲड करा. नव्या टीपीएमवर सील होईल, पुढच्या बूटला विचारणार नाही.

लिनक्सवर त्याहून सोपं. सिस्टमडी-क्रिप्टएनरोलला वाइप-स्लॉट टीपीएम२ आणि टीपीएम२-डिव्हाइस ऑटो हे दोन पर्याय एकाच आज्ञेत द्या. जुना स्लॉट जाईल, नवा बसेल. पासफ्रेजचा स्लॉट वेगळा असतो, त्याला धक्का लागत नाही.

सर्टिफिकेटचं मात्र नवीनच काढावं लागेल असं वाटतं.

बूटक्रम

सर्व्हरखोली ताई, थांबा. क्लिअर करू नका, आणि विंडोजची व्हीएम नव्या होस्टवर आता चालूही करू नका. जुना होस्ट शाबूत आहे, म्हणजे तुमचं सर्टिफिकेटही शाबूत आहे. पेंग्विन_रात्र यांनी सांगितलेली रीत चूक नाही. जुना होस्ट जळाला असता तर मीही तीच सांगितली असती. पण ती डिस्क वाचवते, टीपीएममधल्या किल्ल्या नाही.

तुमचा लॉग अगदी स्पष्ट बोलतो आहे. ०एक्स१डीएफ म्हणजे सील केलेली किल्ली टीपीएमला लोड करायला दिली आणि टीपीएम म्हणाली, हा डबा मी बांधलेला नाही. पीसीआर बदलला असता तर एरर वेगळी आली असती, ०एक्स९९डी, पॉलिसी चेक फेल्ड. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात चिपच दुसरी असते. दुसऱ्यात चिप तीच असते, पण बूटची परिस्थिती तिला ओळखीची वाटत नाही. विंडोजचा निळा पडदा दोन्ही वेळेला सारखाच दिसतो, म्हणून मी नेहमी शेजारच्या लिनक्स व्हीएमचा लॉग आधी बघतो.

टीपीएम डिव्हाइस दिसतं आणि कर्नलची तक्रार नाही, यावर बरेच लोक समाधान मानतात आणि मग भलतीकडे शोधत बसतात. तुमच्याकडे टीपीएम आहे आणि ती उत्तम चालते आहे. फक्त ती कोरी आहे.

असं का झालं ते नीट सांगतो, कारण हे कळलं की पुढचं तुम्हीच कराल.

लिबव्हर्टच्या एम्युलेटर बॅकएंडमागे एसडब्ल्यूटीपीएम नावाची एक प्रोसेस असते, प्रत्येक व्हीएमला एक. खऱ्या चिपच्या पोटात जे असतं, म्हणजे किल्ल्या ज्यापासून बनतात ती मूळ बीजं, एनव्ही इंडेक्स (चिपमधल्या कायमच्या नोंदी), चुकीच्या प्रयत्नांचा काउंटर, ते सगळं ही प्रोसेस होस्टवरच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवते. क्यूकाऊ२ डिस्कमध्ये यातला एक बाइटही नसतो. ती फाइल सापडेल ती /व्हार/लिब/लिबव्हर्ट/एसडब्ल्यूटीपीएम या फोल्डरमध्ये. त्यात प्रत्येक व्हीएमच्या यूयूआयडीच्या नावाचा एक फोल्डर, त्यात टीपीएम२ नावाचा फोल्डर, आणि त्यात परमॉल अशा शेवटाची फाइल.

यूयूआयडीच्या नावाचा फोल्डर! सगळी मेख इथे आहे. स्क्रिप्टने यूयूआयडीची ओळ गाळली, नव्या होस्टने व्हीएमला नवा यूयूआयडी दिला, त्या नावाचा फोल्डर अर्थातच नव्हता, म्हणून लिबव्हर्टने एसडब्ल्यूटीपीएम-सेटअप चालवून नवी टीपीएम तयार केली. कुठेही एरर नाही, इशारा नाही. लिबव्हर्टच्या नजरेने ही एक नवीन व्हीएम होती आणि नवीन व्हीएमला नवीन टीपीएम देणं हेच त्याचं काम. यूयूआयडी तसाच ठेवला असता पण फोल्डर आणला नसता, तरी हेच झालं असतं.

आता करायचं काय. आधी एक ताकीद, कारण इथे चूक झाली तर परतीची वाट नाही: जुन्या होस्टवर या व्हीएम अनडिफाइन करू नका, म्हणजे त्यांची व्याख्या काढून टाकू नका. अनडिफाइन करताना कीप-टीपीएम हा पर्याय दिला नाही, तर लिबव्हर्ट सहसा टीपीएमचा फोल्डरही पुसतो. डिस्क मागे राहते म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि चिप गेलेली असते. हलवाहलवी पूर्ण झाली, आता जुन्या होस्टची साफसफाई, या टप्प्यावर हा घात होतो. म्हणून सगळ्यात आधी जुन्या होस्टवरचा एसडब्ल्यूटीपीएमचा संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मगच बाकीचं.

मग लिनक्सच्या व्हीएमपासून सुरुवात करा. तिथे पासफ्रेज हाताशी आहे, हरवण्यासारखं काही नाही. दोन्ही होस्टवर ती बंद हवी, म्हणजे एसडब्ल्यूटीपीएमची प्रोसेसही थांबलेली असते. नव्या होस्टवरची व्याख्या अनडिफाइन करा, तिथली कोरी टीपीएम गेली तरी चालेल. जुन्या होस्टवरून पूर्ण एक्सएमएल पुन्हा काढा, यावेळी यूयूआयडीसकट, आणि तेच डिफाइन करा. व्हर्श एडिटमध्ये यूयूआयडी बदलता येत नाही, म्हणून हा वळसा. नंतर जुन्या यूयूआयडीचा फोल्डर नव्या होस्टवर त्याच जागी ठेवा.

मालकी तपासा. एसडब्ल्यूटीपीएम ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते तो काही लिनक्स वितरणांत टीएसएस असतो, काहींत एसडब्ल्यूटीपीएम. नाव तेच असलं तरी दोन होस्टवर त्याचा आकडी आयडी वेगळा असू शकतो. नव्या होस्टवर तयार झालेल्या एखाद्या व्हीएमचा फोल्डर बघा आणि तशीच मालकी द्या. व्हीएम सुरूच झाली नाही तर लिबव्हर्टची एरर वाचून थांबू नका. खरं कारण एसडब्ल्यूटीपीएमच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतं, /व्हार/लॉग/एसडब्ल्यूटीपीएम/लिबव्हर्ट/क्यूएमू इथे, व्हीएमच्या नावाने.

नव्या होस्टवरची लिबटीपीएमएस लायब्ररी (एसडब्ल्यूटीपीएम जिच्यावर चालते ती) जुन्याइतकी किंवा तिच्याहून नवी असावी. नवी लायब्ररी जुनी फाइल वाचते. उलट्या दिशेने ते जमेलच असं नाही.

आणि क्लिअरबद्दल. टीपीएम २.० मध्ये क्लिअर केलं की स्टोरेजचं मूळ बीज बदलतं. त्या बीजाखाली बांधलेली प्रत्येक किल्ली, तुमच्या सर्टिफिकेटचीही, त्या क्षणी कायमची निरुपयोगी होते. कोऱ्या टीपीएमवर क्लिअर केलं तर नुकसान नाही, पण उपयोगही नाही. जुना फोल्डर जागेवर आल्यानंतर कोणी सवयीने क्लिअर दाबलं तर मात्र सगळं संपलं. तुमच्या सहकाऱ्यांना हे आजच सांगा.

सर्व्हरखोली

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. जुन्या होस्टवरचा फोल्डर आधी सुरक्षित ठेवला. मग लिनक्सची व्हीएम तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुन्या यूयूआयडीने डिफाइन केली, फोल्डर आणला, मालकी लावली. वापरकर्त्याचा आकडी आयडी खरंच वेगळा होता.

तरीही पासफ्रेज मागते आहे. पण एरर बदलली. आता ०एक्स९९डी येतं आहे, सेशन १, पॉलिसी चेक फेल्ड. तुम्ही म्हणालात तीच दुसरी.

एनव्हीरॅमची ओळ यावेळी एक्सएमएलमध्ये आहे, पण ती फाइल मी आणलेली नाही. त्या मार्गावर फाइल नव्हती तर लिबव्हर्टने स्वतःच बनवली. तिचा संबंध असेल का? विंडोजला अजून हात लावलेला नाही.

बूटक्रम

ही आनंदाची बातमी आहे. चिप आता जुनीच आहे हे सिद्ध झालं. तिने डबा ओळखला, किल्ली लोड केली, आणि मग म्हणाली की पीसीआर ७ मध्ये जे अपेक्षित होतं ते नाही.

आणि हो, संबंध आहे. पीसीआर ७ मध्ये सिक्युअर बूटची (फक्त सही पडताळलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणाऱ्या सोयीची) अवस्था मोजली जाते: सिक्युअर बूट चालू आहे का, पीके आणि केईके या त्याच्या मुख्य किल्ल्या कोणत्या, डीबी (परवानगी असलेल्यांची) आणि डीबीएक्स (बंदी घातलेल्यांची) या याद्यांत काय आहे, आणि बूटलोडरची सही कोणत्या सर्टिफिकेटने पडताळली गेली. व्हीएममध्ये हे सगळे व्हेरिएबल एनव्हीरॅमच्या फाइलमध्ये राहतात. तुमची फाइल आली नाही, म्हणून लिबव्हर्टने ओव्हीएमएफच्या (व्हीएमच्या फर्मवेअरच्या) साच्यातून नवी कोरी बनवली. जुन्या व्हीएमला इतक्या काळात गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या सिस्टमच्या) अपडेटमधून डीबीएक्सच्या नव्या नोंदी मिळालेल्या असणार. त्या साच्यात नाहीत किंवा वेगळ्या आहेत. यादीत एका नोंदीचा फरक पडला तरी पीसीआर ७ पूर्ण वेगळा येतो.

फाइल जुन्या होस्टवर /व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूएमू/एनव्हीरॅम मध्ये आहे, व्हीएमच्या नावापुढे व्हार्स लिहिलेली. व्हीएम बंद करून ती आणा आणि नव्या होस्टने बनवलेल्या फाइलच्या जागी ठेवा.

एक अडचण येऊ शकते. ओव्हीएमएफचे दोन आकार प्रचलित आहेत, २ एमबी आणि ४ एमबी. जुनी व्हार्स फाइल २ एमबीच्या फर्मवेअरची असेल आणि नव्या होस्टवर ४ एमबीचं फर्मवेअर जोडलेलं असेल, तर व्हीएमचा पडदा काळाच राहील. एक्सएमएलमधली लोडरची ओळ दोन्हीकडे ताडून बघा. आकार जुळला की फर्मवेअरची आवृत्ती नवी असली तरी तुम्हाला चालेल. फर्मवेअरचा कोड पीसीआर ० मध्ये मोजला जातो आणि तुम्ही फक्त ७ ला बांधलेलं आहे. ज्यांनी ० लाही बांधलंय त्यांना होस्टवर ओव्हीएमएफ अपडेट झालं की दर वेळी पासफ्रेज टाकावा लागतो, आणि ते टीपीएमला दोष देत बसतात.

विंडोजचं बघायचं तर जुन्या होस्टवर ती व्हीएम नेटवर्क तोडून चालू करा आणि मॅनेज-बीडीईला सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर विचारा. तिथे पीसीआर व्हॅलिडेशन प्रोफाइल, म्हणजे बिटलॉकर कोणत्या पीसीआरना बांधलंय ते, लिहिलेलं असतं. सिक्युअर बूट वापरात असेल तर ७, ११ दिसेल. ते दिसलं तर विंडोजलाही हाच उपाय लागू. ०, २, ४, ११ दिसलं तर फर्मवेअर बदलल्यामुळे रिकव्हरी की एकदा मागितली जाणारच. ती खुशाल टाका, तोवर चिप जुनी असेल.

जुन्या होस्टवर चालू केलीत तर त्यानंतर डिस्क, व्हार्स फाइल आणि टीपीएमचा फोल्डर तिन्ही पुन्हा एकाच वेळी घ्या. पूर्ण बंद करून.

सर्व्हरखोली

झालं! लिनक्सची व्हीएम पासफ्रेज न मागता उघडली. विंडोजच्या प्रोफाइलमध्ये ७, ११ होतं. डिस्क, व्हार्स आणि टीपीएमचा फोल्डर तिन्ही एकदम आणले, यूयूआयडी जुनाच ठेवला, निळा पडदा आलाच नाही. विंडोजचा पिनही जुनाच चालला. सर्टिफिकेटने बिल्ड सर्व्हरवर लॉगिन करून बघितलं, चालतं आहे. दुसऱ्या टीमकडे जावंच लागलं नाही.

स्क्रिप्टमधून त्या दोन ओळी गाळायचं बंद केलं. आता दोन प्रश्न उरतात. आमचं बॅकअप फक्त डिस्क घेतं, त्याचं काय करावं? आणि शेजारच्या टीमकडे हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, त्यांनाही महिनाअखेर होस्ट बदलायचा आहे. त्यांच्याकडे हा फोल्डर कुठे असतो?

गार्डियन_की

हायपर-व्हीचं मी सांगते, रोज तेच करते.

तिथे असा वेगळा फोल्डर शोधत बसायचं नाही. टीपीएमचा मजकूर व्हीएमबरोबरच जातो, पण तो एन्क्रिप्ट केलेला असतो, आणि त्याची किल्ली होस्टकडे असते. जनरेशन २ च्या व्हीएमला टीपीएम चालू केली की होस्ट स्वतःचा एक गार्डियन (त्या किल्लीचा राखणदार) बनवतो, अनट्रस्टेड गार्डियन नावाचा. त्याची दोन सर्टिफिकेटं असतात, एक एन्क्रिप्शनचं आणि एक सहीचं. लोकल कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये शील्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स या कप्प्यात ती दिसतात, नावात होस्टचं नाव असतं.

व्हीएम एक्स्पोर्ट करून नव्या होस्टवर इम्पोर्ट केली तर इम्पोर्ट बिनबोभाट होतं, आणि चालू करताना एरर येते: ‘की प्रोटेक्टर’ (टीपीएमच्या किल्लीचं एन्क्रिप्ट केलेलं वेष्टन) अनरॅप करता आला नाही. उपाय म्हणजे जुन्या होस्टवरून ती दोन्ही सर्टिफिकेटं प्रायव्हेट कीसकट पीएफएक्स फाइल म्हणून काढायची आणि नव्या होस्टच्या त्याच कप्प्यात टाकायची. प्रायव्हेट की घेतली नाही तर नुसती सर्टिफिकेटं कामाची नाहीत.

लिबव्हर्टपेक्षा एक गोष्ट बरी की हायपर-व्ही गुपचूप कोरी चिप देत नाही, चालू व्हायलाच नकार देतो. पण जुना होस्ट फॉरमॅट करून झाल्यावर हे कळलं तर मार्ग उरत नाही. मग टीपीएम काढून नवी जोडायची आणि रिकव्हरी कीने आत जायचं, एवढंच. तेव्हा शेजारच्या टीमला म्हणावं, महिनाअखेरची वाट बघू नका, ती दोन सर्टिफिकेटं आजच बाहेर काढून जपून ठेवा.

व्हीएमवेअरवालेही कोणी वाचत असतील तर: व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ७.० अपडेट २ पासून नेटिव्ह की प्रोव्हायडर, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुरवणारी अंगभूत सोय, आहे. तो वापरण्याआधी त्याचा बॅकअप घ्यावाच लागतो. ती बॅकअपची फाइल आणि तिचा पासवर्ड व्हीसेंटरच्या (व्हीस्फिअरच्या नियंत्रण सर्व्हरच्या) बाहेर ठेवा. व्हीसेंटर गेलं आणि तीही त्याच्याबरोबर गेली तर टीपीएम असलेल्या व्हीएम नव्या व्हीसेंटरवर उघडणार नाहीत.

पेंग्विन_रात्र

सर्टिफिकेट वाचलं हे बघून खरंच बरं वाटलं. मी आजवर प्रोटेक्टर काढून जोडत आलो, आता आधी चिप शोधेन.

पण बॅकअपबद्दल एक शंका आहे. डिस्क आणि टीपीएमचा फोल्डर एकाच बॅकअपमध्ये ठेवले, तर ज्याच्या हाती बॅकअप लागेल त्याला डिस्क उघडता येईल ना? मग एन्क्रिप्ट करण्याला अर्थ काय उरला?

दुसरं, स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली अवस्था. मी फक्त डिस्कचे स्नॅपशॉट घेतो आणि मागे जातो, टीपीएम तशीच पुढची राहते. तरी बिटलॉकरने आजवर कधी की मागितली नाही. तुमच्या हिशोबाने मागायला हवी होती.

बूटक्रम

नाही, मागायला नको होती. सील केलेला डबा डिस्कवर असतो, आणि तो उघडायला लागणारं बीज टीपीएममध्ये. स्नॅपशॉटने डिस्क मागे गेली तरी बीज तेच आहे, कारण ते क्लिअर केल्याशिवाय बदलत नाही. पीसीआर ७ तोच राहिला तर जुना डबाही उघडतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. मधल्या काळात सिक्युअर बूटच्या याद्या अपडेट झाल्या असतील तर जुन्या डब्याची पॉलिसी जुन्या याद्यांची असते आणि तो उघडत नाही. आणि ज्या व्यवस्था टीपीएमच्या एनव्ही इंडेक्समध्ये काही लिहून ठेवतात, सिस्टमडीचं पीसीआरलॉक हे एक उदाहरण, त्यांची डिस्क आणि चिप एकमेकांपासून फारकत घेतात. त्यामुळे याद्या किंवा फर्मवेअर बदलणार असेल तेव्हा स्नॅपशॉट घेताना तिन्ही गोष्टी घ्या, रोजच्या कामात डिस्कचा पुरेल.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण ती फारशी बोलली जात नाही. टीपीएमची फाइल मागे नेता येते, म्हणजे चुकीच्या प्रयत्नांचा काउंटरही मागे जातो. खऱ्या चिपवर पिन चुकत गेला की चिप काही काळ कुलूपबंद होते. व्हीएममध्ये ज्याच्या हाती फाइल आहे तो ती पुन्हा पुन्हा जुन्या अवस्थेला नेऊन पिन हवे तितके वेळा आजमावू शकतो. म्हणून व्हीएममध्ये टीपीएमबरोबर चार आकडी पिनवर विसंबू नका, लांब ठेवा.

आता बॅकअपचं. शंका अगदी रास्त आहे. व्हर्च्युअल टीपीएम गेस्टला होस्टपासून वाचवत नाही, साध्या केव्हीएमवर तर मुळीच नाही. होस्टचा रूट ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळं. ती वाचवते ते डिस्कची प्रत एकटीच बाहेर गेली तर: चोरलेली क्यूकाऊ२, स्टोरेजमधून काढलेली जुनी ड्राइव्ह, चुकीच्या जागी पडलेला डिस्कचा बॅकअप. हे धोके खरे आहेत आणि त्यासाठी ती वापरावीच. पण मग तिची फाइल डिस्कच्या बॅकअपशेजारी उघडी ठेवली तर ते संरक्षणही तुम्ही स्वतःच काढून टाकता.

लिबव्हर्टमध्ये यावर सोय आहे. एक्सएमएलमध्ये टीपीएमच्या बॅकएंडखाली एन्क्रिप्शनचा टॅग देऊन लिबव्हर्टच्या एका सीक्रेटशी जोडता येतो, मग परमॉलची फाइल डिस्कवर एन्क्रिप्ट होऊन बसते. हे व्हीएम तयार करतानाच करायचं असतं. आधीच उघड्यावर असलेल्या फाइलला नुसता टॅग जोडून ते होत नाही. आणि ते सीक्रेट नव्या होस्टवर त्याच यूयूआयडीने आधी डिफाइन करावं लागतं, नाहीतर व्हीएम सुरू होणार नाही. म्हणजे हलवायच्या गोष्टींत आणखी एकीची भर.

ताई, तुमच्या व्हीएम आधीच उघड्या फाइलवर चालू आहेत, म्हणून तुम्हाला मी असं सुचवेन: डिस्कचा बॅकअप आहे तसा चालू द्या. टीपीएमचा फोल्डर, व्हार्स फाइल आणि पूर्ण एक्सएमएल यांचा एक वेगळा गठ्ठा करा, त्याला वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट करा आणि वेगळ्या जागी ठेवा, जिथे डिस्कच्या बॅकअपचा प्रवेश असलेल्या सगळ्यांना प्रवेश नाही. हा गठ्ठा इतका लहान असतो की रोज घेतला तरी जाणवणार नाही. रिकव्हरी की आणि पासफ्रेज तिसरीकडे.

मग हा बॅकअप दुसऱ्याच होस्टवर उतरवून, नेटवर्क तोडून, व्हीएम बूट करून बघा. त्याच होस्टवर उतरवून बघितलं तर काही कळत नाही. तिथे जुना फोल्डर आधीपासून असतो, बॅकअपमधला वाचलाच गेला नाही तरी व्हीएम सुखाने सुरू होते.

आणखी एक. ज्यांना वाटतं की आमच्या विंडोज व्हीएममध्ये बिटलॉकर नाहीच, त्यांनी एकदा बघून घ्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप लागण्याच्या अटी सैल झाल्या आहेत. टीपीएम आणि सिक्युअर बूट असलेल्या व्हीएमवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की कोणी न सांगता डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मॅनेज-बीडीई स्टेटस विचारलं की लगेच कळतं.

सर्व्हरखोली

गठ्ठा वेगळा करायचं पटलं, उद्यापासून लावते. टेम्प्लेटचं एक विचारायचं राहिलं. आम्ही विंडोजची एक व्हीएम तयार करून तिच्या प्रती काढतो. प्रतींना टीपीएमचा फोल्डरही द्यायचा का?

बूटक्रम

नाही, तिथे उलट करा. प्रत म्हणजे नवीन व्हीएम. तिला नवा यूयूआयडी आणि कोरी टीपीएमच मिळायला हवी. एकच फोल्डर दहा प्रतींना दिला तर दहाही जणींची एंडोर्समेंट की (टीपीएमची ओळख ठरवणारी किल्ली) एकच होते. मग अटेस्टेशन घेणाऱ्या, म्हणजे टीपीएमकडून ओळखीचा पुरावा मागणाऱ्या, सर्व्हरला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि एका प्रतीतला मनुष्य दुसरीची सील केलेली किल्ली उघडू शकतो.

त्यासाठी टेम्प्लेटमध्ये बिटलॉकर बंद हवं, ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट झालेली हवी, नुसतं सस्पेंड नाही. टीपीएमला बांधलेलं एकही सर्टिफिकेट त्यात नको. एन्क्रिप्शन प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू झाल्यावर तिच्या स्वतःच्या टीपीएमवर लावा, आणि प्रत्येकीची रिकव्हरी की वेगळी नोंदवा. तुमची जुनी स्क्रिप्ट, यूयूआयडी आणि एनव्हीरॅमच्या ओळी गाळणारी, या कामाला मात्र अगदी योग्य आहे. ती फेकू नका, नाव बदलून प्रती काढण्यासाठी ठेवा.

सर्व्हरखोली

बरोबर. नाव बदललं, आणि हलवायची स्क्रिप्ट वेगळी केली. तिच्यात आता आधी टीपीएमचा फोल्डर आहे का ते तपासते. नसेल तर डिफाइन न करता थांबते.